रसाला प्रयोगशाळा, रक्ताला नाही

कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी संत्र्याचा डबाबंद रस येत नाही. आला तर आजारी माणसासाठी येतो. तरी या अंकात आम्ही त्या रसाबद्दल लिहीत आहोत, कारण त्यात जे सापडले ते आपल्या माजघरात बियाण्याच्या पोत्याशेजारी ठेवलेले असते.

2011 च्या डिसेंबरअखेर अमेरिकेतील एका बड्या पेय कंपनीने तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला कळवले की, आमच्या आणि इतर कंपन्यांच्याही संत्र्याच्या रसात कार्बेन्डाझिमचा अंश सापडला आहे. आपण दुकानात जाऊन ‘बाविस्टिन द्या’ म्हणतो, ते हेच. पेरणीआधी बियाण्याला चोळायचे, पानांवर बुरशी दिसली की फवारायचे. ब्राझीलचे बागाईतदार ते संत्र्यावरच्या काळ्या ठिपक्याच्या रोगासाठी मारत होते. जगात संत्र्याचा रस सर्वांत जास्त ब्राझीलच निर्यात करतो. अमेरिकेत मात्र संत्र्यावर या औषधाला परवानगी नव्हती.

मग तपासणी सुरू झाली. रसाचा नमुना द्रावकात घुसळायचा, औषधाचा अंश द्रावकात उतरला की मीठ टाकून पाणी वेगळे काढायचे, गाळ साफ करायचा आणि उरलेला थेंब यंत्रात सोडायचा. यंत्र आधी एकेक पदार्थ वेगळा करते, मग त्याच्या कणांचे वजन करून ओळख पटवते. अब्जात 10 भाग असले तरी पकडते. अब्जात 10 भाग म्हणजे किती? दहा टनी 100 ट्रक रसाने भरून उभे करा. त्या सगळ्या 1000 टन रसात मिळून 10 ग्रॅम औषध. चहात साखरेचे दोन चमचे टाकतो, तेवढे.

इथून पुढची गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. तिथल्या पर्यावरण खात्याने हिशेब करून सांगितले की, अब्जात 80 भागांपर्यंत असलेल्या रसाने आरोग्याला धोका नाही. म्हणून दुकानात पोचलेला रस परत मागवला नाही. लोक तो पीत राहिले. पण बंदरावर नव्याने आलेल्या मालात 10 भाग दिसले की माल अडवला. फळीवर असताना निर्धोक, बोटीत असताना बेकायदा! त्यातही थायोफॅनेट मिथाइल नावाचे औषध अमेरिकेत कितीतरी पिकांवर चालते, आणि ते फवारल्यावर पिकात तयार होते ते कार्बेन्डाझिमच. जानेवारी 2012 मध्ये वायदेबाजारात संत्र्याच्या रसाचा भाव पाउंडाला दोन डॉलरच्या वर गेला. त्यातले ब्राझीलच्या बागेत पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराच्या पदरात किती पडले असेल, हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

म्हणून तपासणी हे सगळे थोतांड आहे असे कोणी म्हणू लागला, तर आम्ही त्याच्या बाजूचे नाही. गिऱ्हाईक पैसे मोजते, त्याला आपल्या पेल्यात काय आहे हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. आपण खुली बाजारपेठ मागतो. बाजारात उतरणाऱ्याने काट्याला भिऊन चालत नाही. काटा मात्र एकच हवा, आणि वजन करण्याआधी तो दाखवायला हवा. 2010 साली युरोपात आपली द्राक्षे क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे बागाईतदार ज्याला लिहोसिन म्हणतात त्याच्या, अंशावरून अडली. बागाईतदारांचे म्हणणे एवढेच होते की इथे तपासायच्या यादीत ते नावच नव्हते. माल बंदरात पोचल्यावर यादी कळून काय उपयोग?

आपल्या देशातही बाटल्या तपासल्या गेल्या. ऑगस्ट 2003 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 12 शीतपेयांत लिंडेन, डीडीटी, मॅलाथिऑन, क्लोरपायरिफॉस सापडल्याचे जाहीर केले. संसदेची संयुक्त समिती बसली, शरद पवार तिचे अध्यक्ष होते, आणि 2004 मध्ये समितीने ते निष्कर्ष मान्य केले. गदारोळ झाला तो बाटलीचा. ते अंश ज्या भूजलातून बाटलीत आले असे सांगितले गेले, तेच पाणी गावात बिनबाटलीचे पितात, त्याचे नमुने घ्यायला किती गाड्या फिरल्या?

आणि आता आपल्या घरचे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. कपाशी छातीच्या वर वाढलेली, वारा तोंडावर, दोन-दोन औषधे एकत्र केलेली. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट औषधे अंगात गेली की रक्तातले कोलिनेस्टरेज घटते. ते मोजले की विषबाधा किती खोल आहे ते कळते. ही तपासणी त्या रसाच्या तपासणीपेक्षा कितीतरी सोपी आणि स्वस्त आहे. पण तीही जिल्ह्याच्या ठिकाणी होत नाही, अशी तक्रार तेव्हाच पुढे आली होती. 1000 टन रसातले 10 ग्रॅम शोधणारे शास्त्र जगात आहे. फवारणाऱ्याच्या रक्ताची एक बाटली तपासायला मात्र यंत्रणा नव्हती.

कापूस कोणी पीत नाही म्हणून हे प्रकरण आपल्यापर्यंत येणार नाही, असे समजू नका. सरकीची ढेप जनावर खाते, ढेपेला बुरशी लागली की तिचे विष दुधात उतरते. 2018 च्या देशव्यापी दूध तपासणीत 6432 पैकी 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेपेक्षा जास्त निघाले. उद्या डेअरी दूध परत पाठवील तेव्हा ‘ढेप कोणी विकली’ हे विचारायला कोणी येणार नाही.

जिल्हा बैठकीत आम्ही पुढील मागण्या मांडणार आहोत. हंगामाच्या चारही महिन्यांत प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कोलिनेस्टरेजची तपासणी व्हावी आणि विषबाधेवरची औषधे तिथे असावीत. औषध विकले जाते त्या दुकानातूनच नमुना घेऊन त्याचा निकाल हंगाम संपायच्या आत गावात लागावा. शेतमालाचा नमुना घेतला तर त्याचा एक सीलबंद भाग शेतकऱ्याच्या हाती द्यावा, म्हणजे त्याला दुसरीकडे तपासून घेता येईल. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे बाटलीवर डोळ्यांना दिसेल अशा मराठी अक्षरांत छापावे.

बैठकीला येताना रिकामी बाटली आणू नका, ती धोक्याची असते. यंदा फवारलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, बॅच नंबर, दुकानाची पावती आणि फवारणी करणाऱ्याला त्रास झाला असल्यास त्याची तारीख कागदावर लिहून आणावी.