आधी झाकण वाचा, मग नळी उचला
परदेशात मोटारहोम भाड्याने घेऊन सहकुटुंब भटकताना एक चूक फार महाग पडते. घरची गाडी पेट्रोलची आणि ही बहुधा डिझेलची, त्यामुळे सवयीने हात पेट्रोलकडे जातो. पेट्रोलची नळी बारीक, ती डिझेलच्या टाकीत सहज शिरते.

रंगावर विसंबू नका. ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी डिझेलची! युरोपीय संघात २०१८ पासून पेट्रोलची खूण गोल, डिझेलची चौकोनी असते. पिण्याच्या पाण्याच्या टाकीलाही बाहेरून झाकण असते. तेही ओळखून ठेवा.

चूक झालीच तर किल्ली अजिबात फिरवू नका. पेट्रोलमुळे डिझेल पंपाचे वंगण जाते. पंपावरच्या माणसाला सांगा, गाडीमालकाला कळवा आणि टाकी उपसून घ्या. इंजिन वाचेल, सुट्टीही!