दार क्रमांक ५०००

घरातली पुस्तके लोक नेतात आणि नेलेली परत येत नाहीत, हा अनुभव ज्याला नाही त्याच्या घरी पुस्तकेच नसावीत. आमच्याकडे या व्यवहाराची एक वही होती. पत्नी हयात होती तोवर ती वही तीच लिहीत असे. तिच्यामागे वही माझ्याकडे आली आणि पाने सुटू लागली. म्हणून यंदा गणपती झाल्यावर भाचीला विचारले, "ही संगणकावर चढवून देशील का?"

"चढवून देणार नाही, मामा. शिकवीन. तुम्हीच चढवा," असे म्हणून तिने माझ्यापुढे एक काळी खिडकी उघडली.

हिला कमांड लाइन म्हणतात. इथे चित्रे नाहीत, माउसला काम नाही. एक लुकलुकती रेघ आपल्या हुकमाची वाट पाहते. 'एमकेडिर' म्हणून फोल्डर केला, 'सीडी' म्हणून त्यात शिरलो. बाई अवाक्षर बोलली नाही. काम बरोबर झाले की ती गप्प राहते, चुकले की मात्र तत्परतेने सांगते. मला आमचे जुने हेडमास्तर आठवले.

भाषा पायथन, आणि तिच्या जोडीला 'पिप इन्स्टॉल फ्लास्क' म्हणून आणवलेले फ्लास्क. आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियन गृहस्थाने १ एप्रिल २०१० रोजी केलेल्या एका थट्टेतून हे साधन जन्माला आले. थट्टेतून इतके टिकाऊ काही निघावे ही मौजच! माझा पहिला प्रोग्राम अवघ्या पाच ओळींचा होता. भाचीच्या सांगण्यावरून 'फ्लास्क रन' या हुकमाला 'डीबग' असा शब्द जोडला, आणि पत्ता उमटला : १२७.०.०.१, पुढे ५०००. पहिला आकडा म्हणजे 'हेच यंत्र', आपलेच घर. दुसरा दाराचा क्रमांक. प्रोग्राम त्या दाराशी कारकुनासारखा बसून राहतो. ब्राउझरने हाक मारली की ओ देतो, भलतेच काही मागितले की ४०४ म्हणून हात झटकतो. मी फॉर्म भरून पाठवला तर ४०५ म्हणाला. दाखवणे ते 'गेट', स्वीकारणे ते 'पोस्ट'. स्वीकारण्याची परवानगी त्याला वेगळी लिहून द्यावी लागते.

ती दिली, आणि एका रात्रीत वहीतल्या ६३ नोंदी भरल्या : पुस्तक, नेणारा, तारीख. मोठ्या समाधानाने वही दिवाळीच्या रद्दीवर टाकली. सकाळी पाहतो तो मथळ्यात 'पुस्तके'चे 'पुस्तेक' झालेले. प्रोग्राममध्ये जाऊन दुरुस्त केले, जतन केले, आणि यादी कोरी!

"नोंदी ठेवल्या होत्या कुठे?" भाचीने फोनवर विचारले.

"प्रोग्राममध्येच की."

"म्हणजे त्याच्या डोक्यात. 'डीबग' लावले की फाइल बदलताक्षणी तो उठून नव्याने बसतो, मामा. उठला की डोके रिकामे. वही आहे ना?"

मी उत्तर न देता जिना उतरलो. रद्दीवाल्याचा काटा लागला होता. आमचा गठ्ठा सुदैवाने अजून सुतळीतच होता. तिथेच उभ्याने वही चाळली. एका नोंदीपुढे पत्नीच्या बारीक अक्षरात लिहिले होते, 'वाचले म्हणतात. पाने कापलेली नाहीत.' दुसरीपुढे, 'मागू नये, घरी आजारपण आहे.' रात्री घाईत हे शेरे मी भरलेच नव्हते. माझ्या फॉर्मात त्यांना रकानाच नव्हता.

मग रकाना वाढवला आणि नोंदी एसक्यूलाइटमध्ये ठेवल्या. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेले हे कोठार. सगळा माल एकाच फाइलीत राहतो आणि किल्ली पायथनबरोबरच मिळते. पुन्हा ६३ नोंदी भरल्या, यावेळी सावकाश, शेऱ्यांसकट. धडधडत्या छातीने कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम बंद केला, पुन्हा चालू केला. सगळ्या जागच्या जागी.

वही आता कपाटात आहे. आमचे दार घरातलेच असल्याने यादी तूर्त कोणाला दिसत नाही. ती बाहेरून दिसेल अशी व्यवस्था दिवाळीनंतर शिकवते, असे भाची म्हणाली आहे. ज्यांच्याकडे आमची पुस्तके आहेत त्यांना तेवढी मुदत आहे. शेऱ्यांचा रकाना मात्र मी बाहेर दाखवणार नाही.