‘माझ्याआधी’ आणि ‘मी येण्याआधी’

काही वर्षांपूर्वी एका रविवारच्या संपर्कसत्रात चाळिशीच्या एका विद्यार्थिनीने आपली वही माझ्यापुढे ठेवली. एस.टी.च्या आगारातील नोकरी सांभाळून त्या बी.ए. करीत होत्या. वहीत तीन तक्ते सुवाच्य अक्षरात उतरवलेले होते. पहिल्यात इंग्रजी ‘प्रिपोझिशन’, दुसऱ्यात सर्वनामे, तिसऱ्यात उभयान्वयी अव्यये. तिन्ही त्यांना तोंडपाठ होते. मी म्हटले, “तो माझी वाट पाहत आहे, हे इंग्रजीत सांगा.” त्या प्रथम म्हणाल्या, ‘ही इज वेटिंग मी’. मग स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘ही इज वेटिंग माय’. ‘फॉर’ हा शब्द पहिल्या तक्त्यात चौथ्या ओळीत होता.

त्यांचे पाठांतर कच्चे नव्हते. दोष तक्त्यांचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजीतील हे लहान शब्द वाक्यात एकटे कधी येत नाहीत. एकमेकांना धरून येतात आणि एकमेकांचे रूप ठरवतात. त्यांना वेगवेगळ्या रकान्यांत कोंडले की शिकण्यासारखी गोष्टच हातातून निसटते.

‘तो माझ्याआधी गेला’ आणि ‘तो मी पोहोचण्याआधी गेला’ ही दोन मराठी वाक्ये पाहा. पहिल्यात ‘मी’चे ‘माझ्या’ झाले, दुसऱ्यात ‘मी’ जसाच्या तसा राहिला. पहिल्या वाक्यात ‘आधी’ हे शब्दयोगी अव्यय थेट सर्वनामाला जोडले आहे. म्हणून सर्वनामाने सामान्यरूप धारण केले. दुसऱ्यात ‘आधी’ जोडले आहे ते ‘पोहोचण्या’ला, आणि ‘मी’ हा त्या पोहोचण्याचा कर्ता आहे. हे आपल्याला कोणी शिकवले नाही. चार वर्षांचे मूलही यात चुकत नाही. आता इंग्रजी ऐका : ‘ही लेफ्ट बिफोर मी’, ‘ही लेफ्ट बिफोर आय रीच्ड’. तोच न्याय. ‘बिफोर’ने सर्वनामाला थेट कवेत घेतले की ‘मी’ हे कर्मरूप येते. सर्वनामाच्या पुढे त्याचे क्रियापद उभे असले की ‘आय’. इंग्रजी ‘मी’ आणि मराठी ‘मी’ यांच्या उच्चारसाम्याने काही काळ गोंधळ होतो, पण तो हसून सोडून देण्याजोगा आहे.

शालेय व्याकरण येथे सांगते की पहिला ‘बिफोर’ प्रिपोझिशन आणि दुसरा उभयान्वयी अव्यय. एकच शब्द दोन तक्त्यांत. ‘आफ्टर’, ‘सिन्स’, ‘अंटिल’ यांचीही हीच गत. डॅनिश भाषावैज्ञानिक ऑटो येस्पर्सन यांनी 1924 मधील ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात या विभागणीवर आक्षेप घेतला. क्रियापदापुढे नाम आले काय किंवा सबंध उपवाक्य आले काय, आपण त्याला क्रियापदच म्हणतो. मग ‘आफ्टर’सारख्या शब्दाची जात मात्र पुढे काय येते यावरून का बदलावी, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हडलस्टन आणि पुलम यांच्या केंब्रिजच्या बृहद्‌व्याकरणानेही अशा शब्दांना दोन्ही ठिकाणी प्रिपोझिशनच मानले. मराठी भाषकाला यात नवल वाटू नये. ‘सोमवारपासून’ आणि ‘तो आल्यापासून’ यांतले ‘पासून’ दोन जातींचे आहे, असे आपण कुठे म्हणतो? शब्दांच्या आठ जातींचा आराखडा आपल्या शालेय व्याकरणात इंग्रजी व्याकरणांच्या वाटेने रुजला. निदान या एका बाबतीत आपली भाषा त्या आराखड्यापेक्षा नीट दिसते.

तिन्ही प्रकारचे शब्द जेथे एका फटक्यात भेटतात, ते ठिकाण म्हणजे ‘बिट्वीन यू अँड मी’. यात ‘बिट्वीन’ आहे, दोन सर्वनामे आहेत आणि मध्ये ‘अँड’. येथे इंग्रजांची स्वतःचीच जीभ घसरते. ‘बिट्वीन यू अँड आय’ असे चांगले शिकलेले लोक बोलतात, आणि शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओच्या पत्रातही हाच प्रयोग आढळतो. कारण उघड आहे. इंग्रजी नामांची विभक्तिरूपे जवळजवळ लोपली. कर्त्याचे व कर्माचे रूप वेगळे दिसते ते ‘आय–मी’, ‘ही–हिम’, ‘शी–हर’, ‘वी–अस’, ‘दे–देम’, ‘हू–हूम’ अशा जेमतेम 6 जोड्यांत. ‘यू’ तर बदलतच नाही. मध्ये ‘अँड’ आला की ‘बिट्वीन’ची पकड दुसऱ्या सर्वनामापर्यंत पोहोचता पोहोचता सैल होते.

मराठीतही ‘आणि’ अशी ढिलाई करतो, पण नामांपुरती. ‘मुलगा आणि मुलीसाठी’ असे लिहिणारे सर्रास भेटतात. सर्वनामांत मात्र ती खपत नाही : ‘तू आणि माझ्यामध्ये’ असे कोणीही म्हणणार नाही, ‘तुझ्या आणि माझ्यामध्ये’ असेच म्हणावे लागते. म्हणजे ज्या जागी इंग्रज अडखळतो, त्या जागी आपला कान आधीच तयार आहे. इंग्रजीच्या धास्तीने मागच्या बाकावर बसणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला हे कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

अर्थात मातृभाषा खड्ड्यातही घालते. ‘वाट पाहणे’ला मराठीत ‘ची’ लागते, म्हणून वरचे ‘माय’. ‘त्याच्याशी लग्न केले’ म्हणून ‘मॅरीड विथ हिम’. ‘जरी–तरी’ची जोडी आपल्या रक्तात आहे, म्हणून ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ येतोच येतो. इंग्रजीला त्यांपैकी एकच पुरतो. उत्तरपत्रिकेत हे दिसले की मी गुण कापतो. मात्र समासात ‘जरी–तरी’ असे लिहून ठेवतो. चूक कोठून आली हे कळले तर ती पुन्हा होण्याचा संभव कमी असतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच की शब्दांऐवजी जोड्या वहीत उतरवा, आणि प्रत्येक जोडीसमोर तिचे मराठी : ‘वेट फॉर मी’ – माझी वाट पाहा, ‘सिन्स ही केम’ – तो आल्यापासून. तक्त्यांच्या मानाने हे संथ काम आहे. रोज तीन-चार जोड्यांहून अधिक होत नाही.

त्या विद्यार्थिनी पुढच्या सत्राला नवी वही घेऊन आल्या. तीत एक शंका होती. ‘बट’ जर उभयान्वयी, तर ‘एव्हरीबडी बट मी’ कसे? ‘आय’ का नाही? मी सांगितले की या जागी ‘बट’ला कोणी प्रिपोझिशन समजते, कोणी उभयान्वयी, आणि त्यामुळे ‘बट आय’ म्हणणारेही इंग्रज आहेत. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, मग आपल्याकडेही तसेच आहे. ‘माझ्याशिवाय सगळे गेले’ आणि ‘मी सोडून सगळे गेले’.” ही जोडी मला सुचली नव्हती. मी ती फळ्यावर लिहिली, आणि त्या दिवशीचा उरलेला तास ‘मी सोडून’मध्ये ‘मी’चे ‘मला’ का होत नाही, यावरच गेला.