विश्लेषण : कार्बन नॅनोतंतूंचे थर सुपरकपॅसिटरची उणीव भरून काढतील?

‘काही सेकंदांत चार्ज होणारी बॅटरी’ अशा बातम्यांमागे अनेकदा सुपरकपॅसिटर असतो. पण तो बॅटरी नव्हे. बॅटरीत वीज रासायनिक क्रियेतून साठते. यात आयन कार्बनच्या पृष्ठभागाशी फक्त जमा होतात. म्हणून तो झटकन भरतो आणि लाखो वेळा चार्ज केला तरी फारसा झिजत नाही. अडचण साठ्याची आहे. किलोमागे साधारण ५ ते १० वॉट-तास. लिथियम-आयन बॅटरी १५० ते २५० देते. शांघायमध्ये २००६ पासून धावलेल्या कपॅसिटर बसना त्यामुळेच वाटेतल्या थांब्यांवर चार्ज करावे लागे.

तंतू कशासाठी?

सध्या प्रामुख्याने सक्रिय कार्बनची भुकटी वापरतात. त्यातली बरीचशी नारळाच्या करवंट्यांपासून होते. तिच्या एका ग्रॅमला दीड हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग मिळतो. मात्र ती धातूच्या पत्र्यावर टिकवायला चिकटद्रव्य लागते, जे वीज वाहतही नाही आणि साठवतही नाही. नॅनोतंतूंच्या चटईला त्याची गरज नसते. अॅक्रिलिक लोकर ज्यापासून बनते, त्याच जातीच्या पॉलिमरचे द्रावण हजारो व्होल्ट देऊन सुईतून ओढले की केसाच्या शेकडो पट बारीक तंतू जमतात. ते आधी हवेत आणि मग नायट्रोजनमध्ये ८०० ते १,००० अंश सेल्सिअसला तापवले की कार्बन उरतो.

मग थर का?

कारण ही चटई पिंजलेल्या कापसासारखी पोकळ असते. पोकळीत इलेक्ट्रोलाइट भरतो; वजन वाढते, साठा नाही. थर एकावर एक दाबले की घनता वाढते. शिवाय कामे वाटता येतात : एका थरात सूक्ष्म छिद्रे, दुसऱ्यात आयनांना मोकळी वाट, आणखी एकात मँगनीज ऑक्साइड. पण जास्त दाबले तर आयनांची वाटच अडते आणि वेग जातो. खरी कसोटी इथेच आहे.

आकड्यांचे काय?

युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमॉन यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याबद्दल सावध केले होते. प्रयोगशाळा फक्त इलेक्ट्रोडच्या वजनावर आकडा सांगते. बाजारातल्या उपकरणात कार्बन सुमारे ३० टक्केच असतो. म्हणजे जाहीर आकड्याला तीन-चारने भागायचे. इलेक्ट्रोड अतिपातळ असेल तर त्याहूनही जास्त. उत्पादनाचा वेग हा वेगळाच प्रश्न : एका सुईतून तासाला काही मिलिलिटर द्रावणच जाते.

केरळमध्ये कन्नूर येथे केल्ट्रॉनने २०२४ मध्ये इस्रोच्या सहकार्याने सुपरकपॅसिटर उत्पादन केंद्र सुरू केले आहे. अशा कारखान्याला नॅनोतंतू परवडायचे, तर ते करवंटीच्या कोळशाशी किमतीत टिकले पाहिजेत.