नेत्रवैद्यांची परीक्षा आणि तिचें भाकीत

परीक्षेचा निकाल लागण्यापूर्वींच तो सांगून टाकण्याची हौस आपल्या घराघरांत मोठी. ‘हा पहिल्या वर्गांत येणार’, ‘हिचें गणितांत अडणार’, अशीं भाकितें आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वच करतात, आणि तीं चुकलीं तर त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. आम्ही शिक्षकहि त्यांतलेच. फरक इतकाच कीं, आमच्या भाकिताला शाळेच्या दप्तरांतील आंकडे साक्षीला असत. अमेरिकेंतील नेत्रवैद्यकाच्या अध्यापकांनीं मात्र हा हिशेब खरोखरच मांडून पाहिला आहे. आपल्या हाताखालचा कोणता विद्यार्थी पुढच्या परीक्षेंत उतरेल व कोणता अडखळेल, हें आधीं सांगतां येतें काय, असा प्रश्न घेऊन त्यांनीं वर्षानुवर्षांचे गुण तपासले. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें-नातवंडें वैद्यकाच्या वाटेवर आहेत. नसलीं तरी मोतीबिंदू कोणाला चुकला आहे? म्हणून या महिन्यांत हाच विषय घेतों.

प्रथम तिकडील वाट समजून घेऊं. वैद्यकीय महाविद्यालयाचीं चार वर्षें, मग सर्वसाधारण रुग्णसेवेचें एक वर्ष, आणि त्यानंतर नेत्रवैद्यकाचीं तीन वर्षें. एवढ्या मोठ्या देशांत या शिक्षणाच्या जागा दरवर्षीं सुमारें ५००. वैद्यकीचा परवाना मिळविण्यासाठीं तीन टप्प्यांची एक राष्ट्रीय परीक्षा असते. तिच्या पहिल्या टप्प्याचे गुण तीन आंकडी संख्येनें कळविले जात, आणि त्या संख्येवरून पुष्कळ ठिकाणीं अर्जांची पहिली चाळण होई. पुढें नेत्रवैद्यकाच्या तीन वर्षांत दरवर्षीं एकदां, वसंतऋतूंत, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी या संस्थेची ‘ओकॅप’ नांवाची परीक्षा होते. तिच्यांत २६० प्रश्न. ती कोणाला नापास करीत नाहीं. आपण कोठें उभे आहों, एवढें विद्यार्थ्याला दाखविते. शेवटीं अमेरिकन बोर्ड ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीची लेखी परीक्षा व तिच्यानंतर तोंडी. हें बोर्ड १९१६ सालीं स्थापन झालें, आणि वैद्यकाच्या विशिष्ट शाखेसाठीं त्या देशांत निघालेलें तें पहिलेंच. त्याच वर्षीं डिसेंबरांत मेम्फिस शहरीं त्यानें आपली पहिली परीक्षा घेतली.

या सर्व हिशेबांतून निघालेलें पहिलें उत्तर असें कीं, परीक्षेचे गुण पुढच्या परीक्षेचे गुण सांगतात. परवान्याच्या पहिल्या टप्प्यांत ज्याचे गुण वरचे, त्याचे ओकॅपमध्येंहि बहुधा वरचे. आणि ओकॅपमध्यें जो वर्षामागून वर्ष तळाशीं राहिला, त्याला बोर्डाच्या लेखी परीक्षेंत धोका अधिक. यांत नवल तें काय, असें कोणाहि जुन्या मास्तरास वाटेल. तिन्ही परीक्षा एकाच वळणाच्या : प्रश्न वाचा, दिलेल्या उत्तरांतून एक निवडा, घड्याळाकडे लक्ष ठेवून पुढें चला. वाचनाचा वेग, तासचे तास एका जागीं बसण्याची चिकाटी, नेमानें अभ्यास करण्याची संवय, हीं एका परीक्षेपुरतीं येतात आणि दुसरीच्या वेळीं निघून जातात असें होत नाहीं.

परंतु हा संबंध दोरखंडासारखा बळकट नव्हे. समूहाविषयीं तो बरेंच कांहीं सांगतो. एका व्यक्तीविषयीं फारच थोडें. त्यांत आणखी एक खोंच आहे. पन्नास निवडक पैलवान आखाड्यांत उतरविले, तर त्यांच्या उंचीवरून कुस्तीचा निकाल सांगतां येणार नाहीं. याचा अर्थ उंचीला किंमत नाहीं असा नव्हे. बुटके गडी आखाड्याच्या दारांतूनच परत गेलेले असतात. नेत्रवैद्यकाच्या जागा मिळविणारे सारेच विद्यार्थी वरच्या गुणांचे, म्हणून त्यांच्या आपसांतील फरक गुणांनीं नीटसा कळत नाहीं. आणि ज्यांना जागाच मिळाली नाहीं, ते या परीक्षांना बसलेच नाहींत. त्यांतून कोण उत्तम नेत्रवैद्य झाला असता, हें कोणत्याहि कोष्टकांत सांपडत नाहीं. निवड करणाऱ्यांना आपली निवड नेहमीं बरोबरच वाटते, त्याचें हें एक कारण.

दुसरी गोष्ट पर्सेंटाइलची. हा शब्द आतां आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोंचला आहे, पण त्याचा अर्थ पुष्कळ घरांत टक्के असाच केला जातो. चाळीस पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकीं चाळीस उत्तरें बरोबर असें नव्हे. शंभर सहाध्यायांत चाळीसजण आपल्या मागें आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सगळा वर्ग उत्कृष्ट शिकला, तरी निम्मे पन्नासाच्या खालींच राहणार. एका वाचकभगिनीनीं आम्हांस लिहिलें कीं, परदेशीं नेत्रवैद्यक शिकणाऱ्या त्यांच्या नातीला पहिल्या वर्षीं असाच खालचा आंकडा मिळाला, आणि घरांत ‘हिनें दुसरी शाखा घ्यावी’ अशी कुजबूज सुरू झाली. घरच्या मंडळींची काळजी आम्ही समजूं शकतों. पण देशभरांतून वेंचून काढलेल्या सुमारें ५०० जणांत ही मुलगी कितवी, एवढेंच त्या आंकड्यानें सांगितलें. ती परीक्षा मुळांत निर्माण झाली ती उणें कोठें आहे हें वेळेवर कळावें म्हणून. दृष्टिपटलाच्या विषयांत गुण गेले कीं प्रकाशशास्त्रांत, हें निकालांत वेगळें दिसतें. तो भाग तिनें अध्यापकांना दाखवावा, आठवड्याचें वाचन ठरवून घ्यावें, आणि घरच्यांनीं फोनवर आंकडा विचारणें वर्षभर सोडून द्यावें, असें आम्हीं त्यांस कळविलें.

भाकीत करणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. ज्योतिषाचें भाकीत खरें ठरलें तर त्याचा मान वाढतो. वैद्य ‘पथ्य न पाळलें तर पाय जाईल’ असें सांगतो, तें खोटें ठरावें म्हणूनच. शिक्षकानें दुसऱ्या जातीचें असावें. पहिल्या वर्षींच धोक्याचा विद्यार्थी ओळखून त्याच्यापाशीं बसलें आणि तो बोर्डाची परीक्षा उतरला, तर कागदावर भाकीत चुकलें असें दिसेल. शास्त्राच्या लेखीं तेवढा संबंध दुबळाहि ठरेल. उलट त्याच आंकड्यानें दाराशीं उभ्या असलेल्याला परत लावलें, तर भाकीत कधीं चुकतच नाहीं. २६ जानेवारी २०२२ पासून परवान्याच्या पहिल्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा कळवितात, तो या चाळणीच्या अतिरेकाला कंटाळूनच. पण चाळण्याची संवय सुटत नाहीं. दुसऱ्या टप्प्याचे गुण आंकड्यांतच मिळतात, आणि डोळे आतां तिकडे लागले आहेत. आपल्याकडे नीट-पीजीच्या २०० प्रश्नांवर जन्माची शाखा ठरते, तेव्हां आपण त्यांस हंसण्याचें कारण नाहीं.

आतां रुग्णाच्या बाजूनें पाहूं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत नेत्रभिंगाभोंवतींच्या पिशवीचा मागचा पडदा अखंड राखावा लागतो. त्याची जाडी मध्यभागीं अवघी ४ मायक्रॉनच्या आसपास. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. तो फाटला तर सोपें काम अवघड होऊन बसतें. या पडद्याशीं हात कसा वागेल, हें २६० प्रश्नांपैकीं एकहि सांगत नाहीं. म्हणूनच तेथील नियमानें प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून मुख्य शस्त्रवैद्य या नात्यानें मोतीबिंदूच्या निदान ८६ शस्त्रक्रिया व्हाव्या लागतात. लेखी गुण आणि हाताचें कसब यांचा संबंध शोधणाऱ्यांच्या पदरीं फारसें कांहीं पडलेलें नाहीं.

आमच्या पूर्वजांस ही अडचण ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत लिंगनाश या नेत्रविकारावर शलाकेनें उपचार करण्याची रीत दिली आहे. आणि त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानांत ‘योग्या’ म्हणजे हाताचा सराव, यासाठीं स्वतंत्र अध्याय आहे. सारें शास्त्र अवगत झालेल्या शिष्याकडूनहि भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा सराव करून घ्यावा, असें तेथें सांगितलें आहे. आज त्या फळांच्या जागीं यंत्र आलें आहे : कृत्रिम डोळा, सूक्ष्मदर्शक, आणि प्रत्येक थरथरीचे गुण कापणारा संगणक. डेन्मार्कमधील २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, अशा यंत्रावर सराव केल्यावर नवशिक्या शस्त्रवैद्यांचें खऱ्या डोळ्यावरील काम सुधारलेलें आढळलें. त्या यंत्राच्या गुणांवरून पुढील कसबाचें भाकीत करतां येतें काय, हा हिशेबहि आतां मांडला जात आहे. भोपळा कांहीं गुण देत नसे. ते जवळ बसलेल्या गुरूलाच द्यावे लागत असतील.