विश्लेषण : बदलीचा आदेश आला, पण मुलांच्या शाळेचे काय?

बिऱ्हाड हलवण्याचे कारण बदली असो, धरणामुळे होणारे पुनर्वसन असो की पोटापाण्यासाठीचे स्थलांतर. मुलांची शाळा कोणत्या महिन्यात तुटते, यावर त्यांचे पुढचे वर्ष अवलंबून असते. भंडारा जिल्ह्यात यांपैकी प्रत्येक कारणाने घरे हलतात. आणि बहुतेकदा हा महिना कुटुंबाच्या नव्हे, तर सरकारी कागदाच्या हातात असतो.

घर हलवायला अवधी किती?

२०२५ मध्ये राज्यातील पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. शाळा इतरत्र १६ जूनला आणि विदर्भात उन्हामुळे २३ जूनला उघडल्या. म्हणजे जेमतेम आठ आठवडे. भंडाऱ्याहून पुण्या-नाशिककडे जाणाऱ्या कुटुंबाला त्यातला एक आठवडा कमी, कारण तिकडची शाळा आधी सुरू होते. सीबीएसईचे गणित वेगळे आहे. तेथे सत्र १ एप्रिलपासून सुरू होते. मे महिन्यात आदेश हाती येईपर्यंत शुल्क, गणवेश आणि पुस्तकांचा खर्च होऊन गेलेला असतो. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांची स्थिती त्यातल्या त्यात बरी. बदली झाल्यास एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात प्रवेशाची सोय असल्याने अभ्यासक्रमही बदलत नाही.

बदली कायदा काय सांगतो?

राज्य कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा २००५ चा कायदा १ जुलै २००६ पासून लागू आहे. त्यानुसार सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात व्हायला हव्यात. मुलांच्या दृष्टीने या कायद्यातील सर्वांत उपयोगी तरतूद हीच. मात्र तिला पळवाट आहे. अपवादात्मक परिस्थिती किंवा विशेष कारणे लेखी नोंदवून, वरिष्ठांच्या पूर्वमान्यतेने अन्य महिन्यांतही बदली करता येते. शिवाय निवडणुका आल्या की वेळापत्रक कोलमडते. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती आणि निवडणूक कामातील अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या बदल्यांवर त्या काळात बंदी होती. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन, संवर्गनिहाय टप्प्यांत होतात. एक टप्पा अडला की पुढचे सगळे खोळंबतात. दुसऱ्यांची मुले शिकवणाऱ्यांनाच आपल्या मुलांच्या शाळेचा अंदाज बांधता येऊ नये, हे विचित्रच.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तमिळनाडूच्या शिक्षण खात्यातील एका प्रकरणात, प्रशासकीय निकड नसेल तर सत्राच्या मध्यात बदली टाळावी आणि कर्मचाऱ्याची मुले शिकत आहेत याला महत्त्व द्यावे, असे म्हटले होते. परंतु निकड आहे की नाही, हे ठरवते प्रशासनच. त्यामुळे बदली थांबवण्याचा हक्क म्हणून या निकालाकडे पाहता येत नाही. आदेशाविरुद्धच्या अर्जात मांडण्याचा एक मुद्दा, एवढेच त्याचे वजन.

सत्र सुरू झाल्यावर प्रवेश मिळतो का?

पहिली ते आठवीपर्यंत, हो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत कोणत्याही कारणाने बदलून जाण्याचा हक्क मुलाला आहे. जुन्या मुख्याध्यापकांनी टीसी तात्काळ द्यायची असते. ती यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. टीसी अडवून ठेवणारे मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. विनाअनुदानित खासगी शाळेत जाण्यासाठी मात्र कलम ५ चा हक्क नाही, आणि मध्यमवर्गीय कुटुंबे नेमकी तिथेच अडतात.

प्रत्यक्षात अडचण वेगळ्याच कागदाची असते. शाळेची संचमान्यता, म्हणजे मंजूर शिक्षकांची संख्या, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. लाखांदूर किंवा मोहाडीतील कमी पटाच्या शाळेत चार-दोन मुले गेली तरी शिक्षकाचे पद धोक्यात येऊ शकते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुलाचे नाव ऑनलाइन प्रणालीतून सोडायला जुनी शाळा नाखूश, तर ते पटावर घ्यायला नवी शाळा उत्सुक, असा पेच संभवतो. पालकांनी टीसीसोबत ऑनलाइन हस्तांतरणही पूर्ण झाले का, हे विचारून घेणे शहाणपणाचे.

कोणती इयत्ता सर्वांत नाजूक?

नववी-दहावी. आठवीनंतर शिक्षण हक्क कायद्याचे हे संरक्षण संपते. राज्य मंडळात बहुतेक विषयांचे २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. सीबीएसईत दहावीला शाळा बदलायची तर मंडळाची परवानगी लागते. म्हणून मूल आठवीत असेल आणि बदली दोनेक वर्षांत अटळ असेल, तर आठवीनंतरच्या सुट्टीत घर हलवणे किंवा थेट अकरावीपर्यंत थांबणे सोयीचे. अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर एकच झाल्याने तेथे शहर बदलणे तुलनेने सोपे झाले आहे.

थांबण्याचा मार्ग भंडाऱ्यात ओळखीचा आहे. बिऱ्हाड नागपुरात, आणि आई किंवा वडील वरठीच्या भंडारा रोड स्थानकापर्यंत रेल्वेने किंवा बसने रोज अप-डाऊन करणारे. साठेक किलोमीटर अंतर असल्याने ते जमते. मुलांची शाळा सलग राहते, पण मुख्यालयी राहण्याच्या अटीचा आणि घरभाड्याचा वाद मागे लागतो. तुमसर, साकोलीच्या पलीकडे बदली झाली तर दिवसाचे चार-पाच तास प्रवासातच जातात.

ज्यांना थांबण्याची मुभाच नाही?

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले आणि वैनगंगेकाठची गावे पुढे टप्प्याटप्प्याने उठली. तेथे घर सोडण्याची तारीख पाण्याची पातळी ठरवते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सिंचन प्रकल्पांसाठी, जमीन बुडण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालेच पाहिजे, अशी तरतूद आहे. जलाशय भरतात जुलै ते ऑक्टोबरमध्ये. त्यातून सहा महिने वजा केले की जानेवारी ते एप्रिल हा काळ येतो, म्हणजे दुसरे सत्र आणि परीक्षा. कायदा काटेकोर पाळला तरी शाळा मध्येच तुटू शकते. मुलांचे वर्ष वाचवायचे असेल तर स्थलांतर त्याआधीच्या उन्हाळ्यात, नव्या गावठाणातील शाळा प्रत्यक्ष सुरू करण्याच्या तयारीनिशी व्हायला हवे. इमारत उभी असून शिक्षक नेमलेला नसेल, तर जूनमध्ये ती शाळा नकाशावरचीच राहते.