तळ्याला कुलूप नको, मुलांच्या हाती शीड द्या

बडोदेकरांच्या मनात पाण्याविषयी जी धास्ती बसली आहे ती अकारण नाही. १९९३ साली सूरसागरात नाव बुडून माणसे दगावली, आणि १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून बारा मुले व दोन शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती, आणि बहुतेक मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. दोष कोणाचा याचा निवाडा न्यायालयाचा. परंतु आपण नागरिकांनी कोणता बोध घ्यावयाचा? तळ्यांना कुलपे लावावीत, एवढाच?

आमचे मत याच्या उलट आहे. नावेत बसताना आपण निव्वळ उतारू असतो. नाव किती भार सोशील, माणसे एका अंगाला सरली म्हणजे काय होते, हे आपणांस कोणी शिकवलेले नसते. हे ज्ञान स्वतः होडी हाकल्याखेरीज अंगी मुरत नाही. आणि त्या कामी लहानशा शिडाच्या होडीसारखा गुरू नाही.

१९४७ साली अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी आखलेली ‘ऑप्टिमिस्ट’ होडी अवघी २.३ मीटर लांब, सांगाडा ३५ किलोंचा. मोटारीमागच्या हलक्या गाड्यावर घालून ती कोठेही नेता येते. शिडाला वारा लागला की ती कलते; मग मुलाने विरुद्ध काठावर सरकून तोल सावरावयाचा, झोत वाढला तर हातातली दोरी सैल सोडावयाची. वाऱ्याच्या थेट तोंडावर ती जात नाही. नागमोडी जावे लागते. आरंभीच होडी मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करावयास शिकवतात, आणि जाकिटाशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. असे शिकलेले मूल भरगच्च नावेत पाय ठेवण्यापूर्वी थबकेल, आणि मोठ्यांनाही थांबवील.

बडोद्यास समुद्र नाही, ही सबब चालणार नाही. देवासला तरी कोठे आहे? तेथल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत रौप्यपदक घेऊन आली. निजामाच्या हैदराबादेत हुसेनसागरावरही शिडे डोलतात. आपल्या विश्वामित्रीत आणि आजव्यात मगरी आहेत हे खरे. म्हणूनच गाड्यावरून नेता येणारी होडी हवी. जे पाणी निर्धोक, तेथे ती न्यावी.

हा श्रीमंतांचा शौक, असेही कोणी म्हणेल. १९६३ च्या सुमारास इंग्लंडात एका दैनिकानेच ‘मिरर’ नावाची प्लायवुडची होडी पुढे आणली. सामान्य गृहस्थांनी ती घरच्या घरी जोडली. आपल्याकडे कुशल सुतार का नाहीत?

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात तरुण घडवले. मल्लखांबावर तोल शिकलेल्या शहरास होडीवरचा तोल अवघड नाही. महानगरपालिकेने एक तपासलेले तळे, चार होड्या, एक जाणता शिक्षक आणि सोबतीस बचावनौका, एवढी तजवीज करावी. जी मुले गेली ती परत येणार नाहीत. मात्र त्यांच्या वयाच्या मुलांना पाण्याची ओळख करून देणे आपल्या हाती आहे.